गुण शोधणारे बोरकरभाऊ

"मग, काय निघालं जी?"

बोरकरभाऊंनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. आणीबाणीच्या एखाद-दोन वर्षं आधी माझी मोहाडीच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून बदली झाली होती. भाड्याच्या घरासमोर बैलबंडीतून सामान उतरत होतं, कुसुम, म्हणजे माझी बायको, स्टोव्ह शोधत होती आणि मी ट्रंकेची एक कडी धरून उभा होतो. शेजारच्या सपरीतून, म्हणजे ओसरीतून, एक उंच, किडकिडीत गृहस्थ उतरले, त्यांनी ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि आम्ही दोघं ट्रंकेसकट दारात अडकलो. अडकल्या जागीच त्यांनी चौकशी केली. नाव? लांजेवार. कुठले? भंडाऱ्याचे. लेकरं? एकच. मुलगी. वर्षा. चार वर्षांची. आणि मग तो प्रश्न.

"निघालं म्हणजे? कशातून?" मी विचारलं.

"पोरीतून जी. चार वर्षांची झाली म्हणता. मग काय गुण निघाला?"

मी म्हणालो, तसं काही अजून पाहिलं नाही. त्यांना इतका धक्का बसला की त्यांच्या हातातली कडी सुटली आणि ट्रंक माझ्या पायावर आली.

"पाह्यलंच नाही? अजून? बाप्पा!"

अंगठ्याचं नख महिनाभर काळं होतं. पण खरा मार नखाला लागलेला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

धनराज बोरकर माझ्याच कचेरीत अव्वल कारकून होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, मूळचे साकोलीकडच्या एकोडीचे. घरी धानाची शेती, भाऊ ती पाहत. हे शिकले आणि नोकरीला लागले. खांद्यावर कायम दुपट्टा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कचेरीत त्यांच्या हातून एक कागद चुकत नसे. सातबाराचा उतारा असो की दुष्काळाचं पत्रक, त्यांचा शब्द शेवटचा. पण कागदावरून नजर उचलली की तिच्यात एकच काळजी दिसे. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली होती, मंजू. ती आमच्या वर्षाच्याच वयाची.

भाऊंचा सिद्धान्त असा होता की प्रत्येक लेकराच्या आत एक गुण असतो. तो पाच-सहा वर्षांच्या आत ओळखला तर ठीक, नाही तर दार बंद. हे त्यांनी कुठल्याशा शिक्षणविस्तार अधिकाऱ्याच्या भाषणात ऐकलं होतं. मात्र त्याच वेळी साहेबांनी हाक मारल्यामुळे भाषण अर्ध्यावर सोडून त्यांना उठावं लागलं होतं. गुण ओळखायचा कसा, ते बहुधा उरलेल्या अर्ध्यात असावं. त्यामुळे भाऊंनी ती पद्धत स्वतःच तयार केली होती.

पद्धतीचा एक भाग म्हणजे चौकशी. कोणाच्याही हातात काही कौशल्य दिसलं की भाऊ थांबत. तबला वाजवणारा असो, झाडावर सरसर चढणारा असो, की एका दमात पाच गावांची नावं ओरडणारा एस.टी.चा कंडक्टर असो. "हे तुमच्यात कवा निघालं जी?" मोहाडीच्या आठवडी बाजारात एक बाई कांद्याची भजी तळत असे. पीठ सोडण्याची तिची लय अशी की बघत राहावं. भाऊंनी भज्यांचा पुडा हातात घेत विचारलं, "हा हात तुमचा लहानपणापासूनच असा काय जी?"

बाईनं झारा हलवत उत्तर दिलं, "नाही जी. नवरा मेला तवापासून."

भाऊंनी पुडा तसाच माझ्या हातात ठेवला. भजी त्यांनी खाल्ली नाहीत. मी खाल्ली.

पद्धतीचा दुसरा भाग म्हणजे महिने. दर महिन्याला मंजूत एका गुणाचा शोध. गाण्याच्या महिन्यात त्यांनी भजनी मंडळाकडून पेटी आणली. रोज संध्याकाळी सपरीत मंजूला पेटीसमोर बसवत, एक पट्टी दाबून धरत आणि कान देऊन ऐकत. मंजू ही गोल चेहऱ्याची, शांत, पोटभर जेवणारी मुलगी. वडिलांना नाही म्हणायचं नाही आणि त्यांच्या म्हणण्यात फारसा भागही घ्यायचा नाही, असं तिनं ठरवलेलं असावं. ती "आ" करायची आणि तो "आ" हळूहळू जांभईत जायचा. चित्रांच्या महिन्यात तिनं पूर्ण पाटीभर एक गोल काढला. भाऊ मला बोलावून घेऊन गेले. "पाहा जी, कुठंच तुटला नाही!" मी मंजूला विचारलं हे काय आहे. ती म्हणाली, "भाकर."

हिशेबाच्या महिन्यात तर भाऊ धावतच माझ्या टेबलाशी आले. मंजूनं रस्त्यातून जाणाऱ्या बकऱ्या न थांबता मोजल्या होत्या, तब्बल बावीस! आम्ही दोघं संध्याकाळी पुन्हा बकऱ्यांची वाट पाहत उभे राहिलो. मंजूनं मोजल्या. सहानंतर तिनं थेट आठ म्हटलं. पुढेही सतरा आणि अठरा गाळले.

"घाईत राहिले," भाऊ म्हणाले. "बकऱ्या लवकर चालून राहिल्या ना."

त्यांच्या पत्नी, शांतावहिनी, दारात तांदूळ निवडत बसलेल्या असत. त्या मान वर न करता म्हणत, "राहू द्या ना जी तिले. शेंगदाणे खाऊ द्या."

एकदा मी भाऊंना धीर करून विचारलं, की भाऊ, एवढी काळजी कशापायी? त्यांनी दुपट्ट्यानं चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. म्हणाले, "माह्यातही काहीतरी होतं जी. मले आतून वाटते. पण एकोडीत पाहणारच कोणी नोहतं. सारे धानाच्या बांधीत. कोणाले सवड? मग ते गेलं. आता काय होतं, तेही मले सांगता येत नाही." चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "मंजूचं तसं नाही होऊ द्यायचं."

हे ऐकून मला गलबलून यायला हवं होतं. पण मी काय केलं? दुसऱ्या दिवशी कचेरीत चहाच्या वेळी भाऊंची नक्कल केली. पेटीची पट्टी, जांभईतला "आ", बकऱ्या. सगळे पोट धरून हसले. माझ्यातला हा गुण मात्र लवकर निघाला होता.

आणि घरी येऊन मी खिडकीचा पडदा ओढून वर्षाची परीक्षा घेत होतो.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. भाऊंना हसायचं आणि मागे पडायचं नाही, असं माझं दुहेरी धोरण होतं. मी वर्षासमोर पेन्सिल, घुंगरू, चेंडू आणि कुसुमचं पोळपाट-लाटणं मांडत असे आणि ती काय उचलते ते एका वहीत लिहीत असे. एके दिवशी कुसुमनं लाटणं शोधत शोधत आम्हाला पकडलं. तिनं वही वाचली. "अन् तुम्ही त्या बोरकरभाऊंले हसता?" एवढंच म्हणून लाटणं घेऊन गेली.

त्यातच तो जीपचा प्रसंग घडला. देवीच्या लसीची दवंडी देत एक जीप गावातून फिरली. भोंग्यावरून माणूस सांगत होता, "तमाम नागरिकांना कळविण्यात येते की..." रात्रीच्या जेवणाला वर्षानं ती अख्खी दवंडी जशीच्या तशी म्हणून दाखवली. भोंग्यातली घरघरसुद्धा सोडली नाही. माझ्या हातातला घास खाली आला. वक्तृत्व! माझ्या घरात वक्तृत्व निघालं होतं! पुढच्या खोलीत मी तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीपर्यंत वर्षा विधानसभेत पोचली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊंना सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. "निघालं ना! निघालं ना जी!" त्यांच्या आनंदात काडीचंही वैषम्य नव्हतं. मंजूच्या बाबतीत नऊ महिने हाती काही लागलं नव्हतं आणि हा माणूस माझ्या मुलीसाठी पेढे आणायला निघाला होता. मला मात्र मनातून वाटत होतं, जिंकलो.

शाळेचं संमेलन जवळ आलं होतं. बालवाडीच्या मुलांनाही दोन-दोन मिनिटं मिळणार होती. मी वर्षासाठी भाषण लिहिलं. विषय, "राष्ट्राच्या जडणघडणीत बालकांचे स्थान." आता मी तहसील कचेरीतला कारकून. माझं मराठी परिपत्रकांवर पोसलेलं. त्यामुळे पावणेपाच वर्षांच्या मुलीच्या तोंडी मी "उपरोक्त विषयास अनुसरून", "तद्वतच" आणि "परिणामतः" हे शब्द घातले. एका जागी तर "सबब" होतं. दीड पान भरलं.

रोज सकाळी अंघोळ झाली की तालीम. तिसरा परिच्छेद म्हटल्याशिवाय पोहे नाहीत, असा नियम मीच केला. "तद्वतच"ला ती अडली की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा दिवसांत तिला पाठ झालं. त्याच पंधरा दिवसांत ती डोळे मिचकावायला लागली. कुसुम म्हणाली, "पोरगी डोळे मिचकावून राहिली जी. अन् झोपेत काहीबाही बडबडते." मी म्हणालो, "मोठ्या वक्त्यांची लकब असते अशी."

हे वाक्य मी खरोखर बोललो होतो. कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मीच त्याला मूर्ख म्हटलं असतं.

संमेलनाच्या दिवशी बाकं जोडून मंच केला होता. मी पहिल्या रांगेत, हातात दीड पानाची नक्कल. बाजूला भाऊ, त्यांच्या मांडीवर मंजू. वर्षाचं नाव पुकारलं. ती मंचाच्या मधोमध येऊन उभी राहिली. हात शिकवल्याप्रमाणे मागे बांधलेले. पहिला शब्द होता "आदरणीय".

"आ," ती म्हणाली. "आ... आ... आ..."

मागून कुणीतरी हसलं. मग दोघं-तिघं. मग बरेच. हसण्यात वाईटपणा नव्हता, लहान मूल अडखळलं की लोक हसतात तसंच ते हसणं. वर्षानं लोकांकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. आणि मी काय करत होतो? मी पुढे वाकून, मान ताणून, तिला उरलेला शब्द पुरवत होतो. "दरणीय! दरणीय!"

ती पुन्हा म्हणाली, "आ... आ..." डोळे इतके मिचकत होते की आता मिटतातच की काय असं वाटलं. फ्रॉकच्या खाली बाकावर ओल पसरत गेली.

मी बसूनच होतो. बोरकरभाऊ उठले. मंजूला माझ्या मांडीवर टाकलं आणि आपल्या त्या लांब टांगांनी ते सरळ मंचावर चढले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी वर्षाच्या कमरेभोवती गुंडाळला, तिला उचललं आणि लोकांकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "झालं जी भाषण! टाळ्या वाजवा!" लोकांनी वाजवल्या. ते तिला घेऊन मागच्या बाजूनं उतरून गेले.

मला धावत जायला हवं होतं. मी आधी मुख्याध्यापकांकडे गेलो आणि त्यांना सांगितलं, "घरी ती अगदी बिनचूक म्हणते हो."

त्या दिवसापासून वर्षाचं बोलणं अडखळू लागलं. आधी भाषणातले शब्द, मग सगळेच. "पाणी" म्हणताना "पा" वर थांबायची आणि तोंड वाकडं व्हायचं. मग तिनं बोलणंच कमी केलं. हवं ते बोटानं दाखवायची. शाळेत तर एक शब्द नाही. दोन वेण्यांची, दवंडी जशीच्या तशी म्हणणारी मुलगी घरात मुक्यानं फिरू लागली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "घरी तिच्या मागे कोणी लागतं का?" मी म्हणालो, "शेजारी एक बोरकर म्हणून आहेत."

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळायचं ते कळलं. म्हणाले, काही शिकवू नका, काही म्हणायला लावू नका, काही विचारू नका. परतीच्या गाडीत कुसुम माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. खिडकीशी वर्षाला मांडीवर घेऊन बसली. बायको आणि मुलगी, दोघींचं बोलणं मी एकाच भाषणात बंद करून दाखवलं होतं.

भाऊंनी संमेलनाच्या संध्याकाळीच पेटी भजनी मंडळाला परत केली होती. ते आमच्याकडे आले, सपरीच्या कडेला बसले. "माहंच चुकलं जी, लांजेवारभाऊ. हे याड मीच तुमच्या घरात आणलं."

माझी कधी नव्हे ती खरं बोलण्याची वेळ होती. "नाही भाऊ. तुम्ही मंजूले उपाशी नाही ठेवलं," मी म्हणालो.

पुढचे चार-पाच महिने कचेरी सुटली की ते मंजूला घेऊन आमच्याकडे येत. दोघी मुली अंगणात बसायच्या, भाऊ बाजूला. काही विचारायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं आणि ते त्यांना फार जड जात होतं. मुलींनी मातीचं काही केलं की त्यांचं तोंड उघडे, मग ते दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबत. वर्षा बोटानं काही मागायची, ते उठून देत. बोल, म्हणून एकदाही म्हणाले नाहीत. मी मात्र दाराआडून, आज एखादं अक्षर सुटं आलं का, ते ऐकत असे.

पावसाळ्यात त्यांच्या गावी रोवणा सुरू झाला, म्हणजे धानाची रोपं बांधीत लावण्याचं काम. भाऊ रजा काढून दरवर्षी जात. त्या वर्षी म्हणाले, "चला सारे. पोट्टी चिखलात खेळन."

मोहाडीहून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, तिथून बंडीनं एकोडी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. पंधरा-वीस बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या आणि त्यांच्या पुढे, पंच्याहत्तरी गाठलेली, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली भाऊंची आई. कमरेत वाकलेली ती सकाळपासून सरळ झालीच नव्हती. वर्षा आणि मंजू धुऱ्यावर पाय सोडून बसल्या होत्या. भाऊंना हुरूप आला. पायजमा गुडघ्यावर खोचून ते चिखलात उतरले, रोपांची पेंडी घेतली आणि लावू लागले.

आजीनं मागे वळून पाहिलं. "धनराज, हे काय रे? ओळ हाये का साप?"

बाया हसल्या. भाऊ वाकले होते ते उभे राहिले. चिखल गुडघ्यापर्यंत. कोण जाणे काय झालं, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं ते तिथं सगळ्यांसमोर बोलून गेले. "माय, माह्यात दुसरं काहीतरी होतं. लहानपणी तुम्ही लोकांनी पाह्यलं पाह्यजे होतं. कोणीच पाह्यलं नाही."

आजी पहिल्यांदाच कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "पाह्यलं नाही? काहून नाही पाह्यलं? मी पाह्यलं. तुह्या बापानं पाह्यलं. तुहा मामा आला होता, त्यालेही दाखवलं, का बाबू, पाहून दे जरा याच्यात काही हाये का. त्यानंही दोन दिवस पाह्यलं." तिनं हात झटकले. "काहीच नोहतं!"

बायांचे हात रोपांवरच थांबले.

"नुसता झोपे," आजी म्हणाली. "उभ्या उभ्या झोपे. धुऱ्यावर झोपे. एक दिवस भात खाता खाताच झोपला, अन् मांजरानं येऊन सारं ताट साफ केलं. हा उठून म्हनते, माय, पोट नाही भरलं."

भाऊंचा चेहरा मी पाहत होतो. आता हा माणूस मोडतो, असं मला वाटलं. त्यांचा ओठ हलला, नाकपुड्या फुगल्या आणि मग ते हसायला लागले. आधी आतल्या आत, मग खदखदून. हसता हसता तोल गेला आणि ते मागच्या मागे चिखलात बसले. बाया हसत होत्या, शांतावहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि धुऱ्यावरून एक बारीक, खणखणीत आवाज आला.

"बोरकरकाका भात खाता खाता झोपले! मांजरानं खाल्लं!"

वर्षा. कुठंही न अडता. कुसुमनं माझा दंड धरला, नखं रुतली.

आणि मी? मी टुणकन उडी मारून म्हणालो, "वर्षा! बेटा, पुन्हा म्हण बरं!"

सप्पकन काहीतरी माझ्या छातीवर आदळलं. आजीनं हातातली चिखलाची पेंडी फेकून मारली होती. "गप ना रे! पोट्टी हासून राहिली तं हासू दे! कोन हाये रे धनराज हा?"

चिखलात बसल्या बसल्या भाऊ म्हणाले, "माहा चेला हाये, माय."

परतीच्या बसमध्ये भाऊ माझ्याशेजारी बसले होते. साकोली सुटली, लाखनी आली. "काहीच नोहतं म्हणे जी," ते म्हणाले. लाखनी मागे गेली. खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "म्हणजे कोणी काही गमावलं नाही." आणि मान मागे टेकवून भंडाऱ्यापर्यंत गाढ झोपले.

वर्षा त्या एका दिवसात बरी झाली नाही. दुसऱ्या सकाळी "पा... पा... पाणी" होतंच. दोन वर्षं लागली. पण ती बोलायला लागली, अडखळत का होईना, आणि अडखळली की मी दुसरीकडे पाहायला शिकलो. माझ्या आयुष्यात मी कष्टानं मिळवलेली कला म्हणाल तर तेवढीच. मंजू आणि ती एकाच वर्गात पुढे सरकत गेल्या. कधी पहिल्या नाहीत, कधी नापास नाहीत. आम्ही दोघं बाप निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहायचो आणि एकमेकांना हवापाण्याच्या गोष्टी सांगायचो.

भाऊ सुधारले असं मी म्हणणार नाही. एकदा मी त्यांच्याकडे गेलो तर ते न्हाणीच्या भिंतीला कान लावून उभे. आत मंजू अंघोळ करता करता काहीतरी गुणगुणत होती. मला पाहून ते दचकले, ओठांवर बोट ठेवलं आणि मला जवळ बोलावलं. मग आम्ही दोघांनी कान लावला. शांतावहिनी बादली घेऊन मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते आम्हाला कळलं नाही.

पुढे माझी तुमसरला बदली झाली. मग पत्रं, मग नुसती दिवाळीची कार्डं. भाऊ निवृत्त होऊन एकोडीला राहायला गेले, एवढं कळलं.

ऐंशीचं दशक संपत आलं असताना मी कामासाठी देवरीकडे चाललो होतो. साकोलीच्या स्टँडवर बस थांबली. खिडकीखालून हाक आली, "लांजेवारभाऊ!" पाहतो तर बोरकरभाऊ. केस पूर्ण पांढरे, आणखी वाळलेले. हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती.

"इथं कसे?"

"मंजूले न्यायले आलो. इथं टायपिंगच्या क्लासले येते ना. सुटाचीच हाये." त्यांनी खिडकीचा गज धरला. "वर्षा कशी हाये?"

"बी.कॉम.ला गेली. दुसऱ्या वर्षाला पन्नास टक्के..." मी आकडे सुरू केले, आणि जीभ चावली. "चांगली आहे."

"चांगली हाये ना? बस." ते थोडे जवळ आले आणि आवाज खाली केला. "भाऊ, एक सांगू काय? मंजू सहा महिन्यांपासून येते. मी अजून इचारलं नाही."

"काय?"

"स्पीड. किती स्पीड झाला, एकदाही इचारलं नाही जी. सहा महिने!" त्यांच्या चेहऱ्यावर उपासाच्या दुसऱ्या दिवशीच्या माणसाचं तेज होतं. "त्या क्लासच्या बाहेर उभा राहतो, टकटक ऐकू येते. अंदरून एक मशीन लय भरभर चालते. कोणाचं हाये काय मालूम. पण इचारलं नाही." मग एकदम, अगदी लहान मुलासारखं, त्यांनी विचारलं, "इचारू काय? आता इचारलं तं चालन काय जी?"

ड्रायव्हरनं बस सुरू केली. मला उत्तर माहीत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी ते मला सांगितलं होतं, एकोडीच्या आजीनं छातीवर फेकून मारलं होतं. बस हलली. भाऊ गज धरून सोबत चालू लागले. "सांगा ना जी. इचारू काय?"

नका विचारू, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"विचारा!" मी ओरडलो. "अन् मलेही कळवा!"

भाऊंनी गज सोडला. धुळीत उभे राहून ते इतके हसले की पिशवीतली मेथी खाली पडली. ती उचलायला ते वाकले, आणि बस वळली.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. शांतावहिनींच्या भावाचं पत्र आलं, चार ओळींचं. त्यात मंजूच्या टायपिंगबद्दल काही नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. तरी पत्र घडी करून ठेवण्याआधी मी ते उलटून मागची बाजू पाहिली.